सुजाताच्या लग्नात मी हिरो

मी आयुष्यात एकाच सिनेमात काम केलं. तीन तासांचा होता आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडद्यावर मीच होतो. अडचण एवढीच, की तो सिनेमा नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुजाताच्या लग्नाची ती कॅसेट होती.

नव्वद सालाच्या आगेमागे आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कंपनीत फिटर. मी आयटीआय करून एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात ट्रेनी. दिवसभर लेथवर लोखंड सोलायचं आणि मनात संवाद म्हणायचे, असा माझा कार्यक्रम. सिनेमात जायचं खूळ कसं शिरलं ते सांगतो, हसू नका. (हसलात तरी चालेल. आमच्या घरातले सगळे हसून झालेत.) बदलापूरच्या पुढे नदीकाठी एकदा शूटिंग आलं होतं. मी सायकल हाणत गेलो. बघ्यांची ही गर्दी! दोरीच्या मागे तिसऱ्या रांगेत कसाबसा उभा राहिलो. तेवढ्यात भोंगा घेतलेल्या एका माणसाने त्या सबंध गर्दीतून नेमकं माझ्याकडे बोट केलं आणि ओरडला, "ए लाल शर्ट! फ्रेम में आ रहा है, पीछे हट!" दुसरा कुणी असता तर शरमून मागे सरला असता. सरलो मीसुद्धा. पण एवढ्या माणसांतून फ्रेममध्ये आपणच आलो, म्हणजे आपल्यात काहीतरी आहे, हे सरता सरता माझ्या मनाने घेतलं.

पुढच्याच महिन्यात वर्कशॉपात पोटदुखी सांगून मी अंधेरीला एका निर्मात्याच्या ऑफिसात गेलो. सोबत चार फोटो: एक हसरा, एक गंभीर, एक चष्मा लावून, एक चष्मा काढून. बाहेर बसलेल्या कारकुनाने ते पत्त्यांसारखे पिसले आणि परत दिले. म्हणाला, "फोटो में सब हीरो दिखते हैं. हिलता-चलता कैसा दिखता है वो बताओ. रोना, हसना, गुस्सा. कॅसेट लाओ, कॅसेट." आता कॅसेट आणायची कुठून? कॅमेरा आमच्या अख्ख्या पाड्यात नव्हता.

आणि अशात सुजाताचं लग्न ठरलं.

स्थळ बदलापूरचं, मांजर्लीतलं. मुलगा अशोक, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात क्लार्क. घरात तो, त्याचे वडील आणि आई. या आईला, मंजुळामावशींना, त्या पावसाळ्यात मोठा अपघात झालेला. नदीचं पाणी घरात शिरलं, ते बादलीने उपसताना घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून कॉटवरच. लग्न पुढे ढकलावं असं अण्णांनी सुचवलं, तर मावशींनीच नको म्हटलं. "माझं हाड काय मुहूर्त बघून जुळणार आहे का? होऊ द्या लग्न. हल्ली कॅसेट काढतात ना? मी हितं पडल्यापडल्या बघीन."

मग त्यांनी मला कॉटजवळ बोलावलं. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "बाळा, एकच पोरगं आहे मला. तो हार घालताना मला दिसला पाहिजे. बाकी काय पण राहू दे. तू जातीनं लक्ष घाल."

"मावशी, तुम्ही काळजीच करू नका," मी म्हणालो. हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. हीच तर वाईट गोष्ट आहे. वाईट हेतू असता तर निदान आज मी स्वतःला लबाड तरी म्हणू शकलो असतो.

अण्णांनी व्हिडिओचं काम माझ्यावर सोपवलं. त्यांना तो खर्च पटत नव्हता, पण विहीणबाईंनी अंथरुणातून मागितलेली ती एकच गोष्ट होती. मी सायकलला टांग मारली आणि उल्हासनगर कॅम्प पाचला किशनभाईच्या स्टुडिओत गेलो. पुढे पासपोर्ट फोटो, मागे हिमालयाचा पडदा, आणि कपाटात तो कॅमेरा: चांगला ट्रंकेएवढा, खांद्यावर ठेवायचा. किशनभाई स्वभावाने सरळ माणूस. त्याने आधीच धंद्याचे नियम सांगितले.

"देखो साईं. एक कॅसेट, तीन घंटा. कटिंग-बिटिंग नहीं होता. जो गया सो गया. और दूसरी बात, मैं किसी की शादी में किसी को पहचानता नहीं. चाचा कौन, मामा कौन, मेरे को क्या मालूम? इसलिए मैं एक आदमी पकड़ता है. जो बुकिंग करता है वो मेरी पार्टी. पार्टी जहाँ बोलेगा, कॅमेरा वहाँ."

"पार्टी मीच," मी म्हणालो. आणि मग खाली मान घालून, जरा लाजत, माझी अडचण सांगितली. दहाच मिनिटं हवी होती. चालणं, हसणं, रडणं, राग. तीन तासांत दहा मिनिटं म्हणजे समुद्रात तांब्या!

"हो जाएगा," किशनभाई म्हणाला. "लेकिन मेरे को पता कैसे चलेगा? सिग्नल क्या?"

मी विचार केला. ओरडून सांगणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, "मी असा केसांतून हात फिरवीन. फिरवला की कॅमेरा माझ्यावर."

"चंगो, अच्छा है. और हटाने का सिग्नल?"

त्याच वेळी एक बाई चार पोरांना घेऊन फॅमिली फोटोला आली. किशनभाई हिमालय सरळ करायला धावला आणि तो प्रश्न तिथेच राहिला. घरी येताना मला वाटत होतं, आपण फार बारीक विचार केलाय. फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही. त्या काळी माझे केस मानेपर्यंत होते, आणि जागेपणी दर दोन मिनिटांनी त्यांतून हात फिरवल्याशिवाय मला श्वास घेता येत नसे.

आमच्या बौद्धांच्या लग्नांना मुहूर्त लागत नाही, रविवार लागतो. त्यामुळे त्या रविवारी किशनभाईला तीन लग्नं होती आणि त्याचा लाईटवाला दुसऱ्याच लग्नात अडकला. संध्याकाळी साडेपाचला किशनभाई एकटाच कॅमेरा, काठीवरचा हॅलोजन आणि वायरचं भेंडोळं घेऊन मांडवात उतरला.

"लाईट कौन पकड़ेगा?"

"धरा रे कुणीतरी!" मी मागे न बघताच ओरडलो आणि केसांतून हात फिरवला. झपकन उजेड पडला. असा उजेड माझ्या अंगावर आयुष्यात कधी पडला नव्हता. डोळे दिपले, समोरची माणसं दिसेनाशी झाली, आणि मी हिरो झालो.

पहिला शॉट चालण्याचा. पण नुसतं चालणार कसं? हातात काहीतरी पाहिजे. मी आचाऱ्याकडून मठ्ठ्याची बादली घेतली, रिकामीच, कारण भरलेली बादली धरली की खांदा वाकडा दिसतो. पहिली पंगत लवकर बसलेली होती. पंगतीतून मी रुबाबात निघालो.

"मिल्या, इकडं घाल रे थोडा!" हौसाआत्याने वाटी पुढे केली. मी तिच्याकडे बघून मंद हसलो आणि पुढे गेलो.

"अरे, मठ्ठा!"

"शॉट चालू आहे, आत्या!" मी ओठ न हलवता म्हणालो.

परत येताना दुसऱ्या बाजूने तसाच गेलो. मग पुन्हा एकदा, जरा वेगाने. तीन खेपांत पंगतीला एक थेंब मिळाला नाही. हौसाआत्या शेजारणीला म्हणाली, "पोराला उन्हाचं काहीतरी झालंय." संध्याकाळचे सहा वाजले होते.

दुसरा शॉट रडण्याचा. खरं तर बहिणीच्या पाठवणीला रडायचं असतं, पण तोवर चेहरा तेलकट झाला असता. म्हणून मी लग्नाच्या आधीच उरकायचं ठरवलं. मांडवाच्या बांबूला टेकलो, लांब बघितलं, आणि वर्कशॉपात डोळ्यात बारीक बुरा गेला की कसं होतं ते आठवून रडलो. काय सुंदर रडलो! खांदे हलले, गळ्यातून आवाज निघाला. नेमके तिथे वसंतमामा आले.

"मिलिंद! काय झालं रे?"

मी उत्तर दिलं नाही. शॉट तुटला असता.

"अरे बोल की! नवऱ्याकडच्यांनी काही...?"

मी तोंड फिरवलं आणि हुंदका दिला. (या हुंदक्याचा मला अजून अभिमान आहे.) मामा आल्या पावली परतले. पाच मिनिटांत मांडवभर झालं की नवरीचा भाऊ बांबूला धरून रडतोय, म्हणजे वरात काही येत नाही. आचाऱ्याने कढईखालचा जाळ कमी केला. "आता पुऱ्या लाटू का थांबू?" हा त्याचा प्रश्न थेट सुजाताच्या खोलीपर्यंत गेला. पांढरी साडी नेसून बसलेली माझी बहीण म्हणे नुसती पांढरीफटक पडली. आणि तेवढ्यात वरात कोपऱ्यावर बँड वाजवत आली! मामांनी मला गाठलं आणि कान धरला. तेही कॅसेटमध्ये आहे.

राग राहिला होता. तो मी मांडववाल्यावर काढला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. मी बोट नाचवत त्याला म्हणालो, "हा मांडव आहे? याला मांडव म्हणतात?" तो मांडववाला स्वाभिमानी निघाला. "आवडला नाय? बरं!" म्हणून त्याने सरळ मागच्या बाजूची कनात सोडायला घेतली. नवऱ्याकडची मंडळी नुकती टेकलेली, त्यांच्या पाठीमागचा कपडा खाली आला आणि पलीकडे आचारी बनियनवर घाम पुसत उभा. मी पळत जाऊन मांडववाल्याचे पाय धरले. तो अभिनय नव्हता, पण किशनभाईने तोही घेतला. सिग्नल दिला होता ना, काढून कुठे घेतला होता!

मग लग्न लागलं. मूर्तीसमोर मेणबत्त्या पेटल्या, वंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं, दोघांनी प्रतिज्ञा घेतल्या. बौद्धाचार्यांनी जयमंगल अष्टगाथा सुरू केली. हातातल्या पाकळ्या घेऊन सगळे उभे राहिले. मी नवरा-नवरीच्या जरा बाजूला, कॅमेऱ्याकडे तोंड करून, नम्र चेहऱ्याने उभा. मी माझ्या मनाशी ठरवलं होतं की आता माझं काम संपलं, हा क्षण मावशींचा. अशोकने हार उचलला. सुजाताने मान खाली घातली. माझं मन खरंच भरून आलं, आणि मन भरून आलं की माणूस जे करतो ते मी केलं. केसांतून हात फिरवला.

तीन तासांची कॅसेट जेवणं संपायच्या आत संपली. किशनभाईने निघताना माझी पाठ थोपटली. "तेरा काम एकदम फर्स्ट क्लास हुआ." मी इतका खूश होतो की "तेरा" या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही.

पुढच्या रविवारी कॅसेट घेऊन मी मांजर्लीला गेलो. अण्णांना कंपनीत ओव्हरटाइम होता आणि आईला पाहुणे होते, म्हणून मी एकटाच. मी आधी बघितली नव्हती. बघणार कशावर? आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, तोही शेजाऱ्यांचा. मांजर्लीत मात्र जय्यत तयारी. स्टेशनजवळून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणलेला. मावशींची कॉट भिंतीपासून ओढून टीव्हीसमोर लावलेली, पाठीला तीन उशा. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीचा गजरा. मुलाच्या लग्नाला जातात तशा त्या नटून बसल्या होत्या. शेजारपाजारची पंधरावीस माणसं दाटीवाटीने खाली. सुजाता, आठ दिवसांची सून, सगळ्यांना चहा देत होती आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटत होतं, भावाने आपल्या सासूची इच्छा पुरी केली.

अशोकने बटण दाबलं. मुंग्या आल्या. मग एकदम मी आलो.

"हा आपल्या सुजाताचा भाऊ," मावशी कौतुकाने म्हणाल्या.

मी बादली घेऊन डावीकडून उजवीकडे गेलो. मग उजवीकडून डावीकडे. मग पुन्हा.

"चांगला राबतोय की," एक बाई म्हणाली.

दहा मिनिटांनी मी बांबूला टेकलो. बाईने चहाचा कप खाली ठेवला. पंधराव्या मिनिटाला मामांनी माझा कान धरला तेव्हा खालून हसण्याचा आवाज आला. मावशी हसल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या. अर्ध्या तासाने अशोकने हळूच विचारलं, "दादा, पुढं काढू का जरा?" त्याने पुढे काढली. पडद्यावर मी जलद गतीने केसांतून हात फिरवत सुटलो.

"आता लग्न लागेल, आत्याबाई," सुजाता सासूला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

अष्टगाथेचे सूर आले. मावशी उशीवरून पुढे सरकल्या. हाडात कळ आली असणार, पण सरकल्या. अशोकचा खांदा दिसला, हार उचललेले दोन हात दिसले, आणि कॅमेरा सर्रकन वळला. मी! नम्र, भरलेल्या डोळ्यांचा, एक हात केसांत. बाजूने पाकळ्या उडत होत्या. टाळ्या वाजत होत्या. पलीकडे माझ्या बहिणीचं लग्न लागत होतं, आणि ते ऐकू येत होतं पण दिसत नव्हतं.

कॅसेट पुढे चालूच होती. मला वाटलं, पावसाळ्यातलं ते नदीचं पाणी आत्ता आलं तर किती बरं होईल.

सुजाताच्या सासऱ्यांनी घसा साफ केला. "मी मघापासून बघतोय. हा पोरगा दिसतोय, आचारी दिसला, मांडववाला दिसला. आमचे व्याही कुठं आहेत? मुलीचा बाप अख्ख्या लग्नात एकदा पण दिसू नये?"

प्रश्न वाजवी होता आणि त्यात धार होती. मीसुद्धा आठवू लागलो. अण्णा कुठे होते? मला काही केल्या आठवेना.

"आणि तो माणूस कोण?" मावशी म्हणाल्या. "सारखा बोलतोय तो. दिसत नाही, पण आवाज येतोय. ऐका."

सगळ्यांनी कान दिले. टाळ्यांच्या मागून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक दमलेला आवाज येत होता. "वायर आहे, वायर. जपून. पाय अडकेल, बाळा. वायर आहे."

"ते अण्णा," सुजाता म्हणाली. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला. "लाईट तेच धरून होते. सगळा वेळ. बौद्धाचार्यांनी पुढे बोलावलं त्यांना. म्हणाले, मुलीचे वडील कुठे आहेत, या. तर अण्णा म्हणाले, मी आलो तर अंधार होईल."

एवढं बोलून ती रडायला लागली. आणि मला रडू येईना. एवढा तयारीचा नट, आणि ऐन वेळी डोळे कोरडे! लाज वाटली की रडू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. "धरा रे कुणीतरी" असं मी म्हणालो होतो. ते कुणीतरी अण्णा झाले होते. नुकताच इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून, कंपनीत आठवडाभर उभं राहून आल्यावर, तो तापलेला दिवा डोक्यावर धरून माणूस माझ्यामागे फिरत होता. आणि बहिणीच्या लग्नात तिच्याकडे न बघता मी त्या उजेडात नाचत होतो.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे," मावशी म्हणाल्या. "दुसरं काही दिसतच नाही ना." मग म्हणाल्या, "बरं, तू नट आहेस ना? ऊठ. कॅसेटमध्ये नाही दाखवलंस, आता करून दाखव. माझ्या अशोकनं हार कसा घातला?"

मी उठलो. पंधरावीस माणसं बघत होती. आयुष्यातली माझी पहिली खरी भूमिका, समोर प्रेक्षक. मी हात वर केले आणि तसाच राहिलो. अशोकने हार कसा घातला? हसला का? त्याचे हात थरथरले का? मला माहीतच नव्हतं. मी सबंध लग्न भिंगाकडे बघत होतो.

"मावशी, मी बघितलंच नाही," मी खरं ते सांगितलं.

मावशींनी माझ्याकडे एकदाच असं बघितलं की ते मला अजून आठवतं. रागाचं नव्हतं. आम्ही दोघंच त्या लग्नाला नव्हतो, असं काहीतरी त्यात होतं. मग त्यांनी हुकूम सोडला. "अशोक, स्टेशनवरनं दोन हार आण. सूनबाई, पांढरी साडी नेस. मला आत्ता माझ्यासमोर लग्न बघायचंय."

आणि खरंच झालं! दुपारी चार वाजता, कॉटच्या समोर. शेजारच्या एका आजोबांना गाथा पाठ होत्या, त्यांनी म्हटल्या. सगळ्या शेजाऱ्यांना सुजाताने अबोलीच्या पाकळ्या वाटल्या. अशोक इतका लाजला की हार सुजाताच्या कानातल्यात अडकला. "त्या दिवशी पण अस्संच झालं होतं!" सुजाता हसत म्हणाली, आणि मावशी टाळ्या वाजवत, डोळे पुसत, मोठमोठ्याने हसल्या. त्यांना सगळं दिसलं. मलाही. मला त्यात काम दिलं होतं. खोलीत उजेड कमी येत होता, म्हणून खिडकीचा पडदा वर धरून उभं राहायचं. हात भरून आले पण मी सोडला नाही.

मला स्टेशनपर्यंत सोडायला आली तेव्हा सुजाता म्हणाली, "दादा, अण्णांना यातलं काही सांगू नकोस. कॅसेट मशीनमध्ये गुंडाळली, तुटली म्हणून सांगू."

"का?"

"अरे, त्यांना वाटतंय छान झाली असेल."

घरी आलो तर अण्णा ओव्हरटाइम करून नुकते आले होते. बनियनवर बसून चहा पीत होते. उजव्या मनगटावर चटका लागल्याचा डाग होता. तो आठ दिवस तिथे होता आणि मी विचारलं नव्हतं. मी कॅसेट तुटल्याचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. आधी मावशींसाठी, मग जरासं स्वतःसाठी.

"अण्णा, लाईट तुम्ही कशाला धरला?" मी विचारलं. "कुणालाही सांगायचं ना."

"सांगितलं होतं दोघांना. धरायचे अन् जेवायला पळायचे." त्यांनी बशीत चहा ओतला. "तो कॅमेरावाला म्हणाला, हा पोरगा जिकडं जाईल तिकडं लाईट मारायचा. मला आधी नवल वाटलं. म्हटलं, नवरी सोडून याच्यावर कशाला? मग बघितलं तर खरंच, जिकडं तिकडं तूच! वाढायला तू, मांडववाल्याशी भांडायला तू, त्याच्या पाया पडून मिटवायला पण तूच. अन् बहीण जाणार म्हणून आधीपासूनच रडतोय, बांबूला धरून. मला वाटायचं तुला घरादाराचं काही पडलेलं नाही. म्हटलं, पडू दे उजेड त्याच्यावर. बघू दे लोकांना, पोरगा किती राबतोय बहिणीसाठी."

मी त्यांच्या समोर बसून होतो. खरं सांगायला तोंड उघडलं. ते माझ्याकडे इतक्या समाधानाने बघत होते की मी ते तोंड चहाच्या कपाला लावलं.

त्या दिवसानंतर मी अंधेरीला गेलो नाही. केस कापले, वर्कशॉपात कायम झालो, माझं लग्न झालं. (व्हिडिओ काढू दिला नाही.) मंजुळामावशी पुढे काठी घेऊन चालू लागल्या आणि प्रत्येक समारंभात मला कोपऱ्यात उभं करून "तू तिथंच थांब हं" असं सांगायच्या. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कुठल्याही लग्नाचा विषय निघाला की आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या सुजाताच्या लग्नात मिलिंदनं जे काही केलं, ते भावानं करावं असं होतं." हौसाआत्या समोर असली तर ती मठ्ठ्याचं काहीतरी पुटपुटते. मी मात्र मान खाली घालतो आणि "त्यात काय एवढं, अण्णा" असं नम्रपणे म्हणतो. एवढी एकच भूमिका मला आयुष्यात मिळाली, आणि ती गेली तीस वर्षं एकाच प्रेक्षकासमोर हाउसफुल चालू आहे.